साक्षीत काय सांगू?

या वेळी एकच पत्र घेते, साक्षीबद्दलचं, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चर्चच्या मंडळीपुढे उभं राहून सांगण्याबद्दलचं. लिहिणारा ओळखू येऊ नये म्हणून थोडं कापलं आहे आणि दोन-तीन तपशील बदलले आहेत.

«मावशी, सलाम.

मी वानलेसवाडीत राहतो. वय २९, शिक्षण जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. २०१९ च्या पुरात आमच्या तरुण संघाबरोबर सांगलीतल्या एका शाळेत, छावणीवर पंधरा दिवस काम केलं. तिथंच मला पाचारण झालं, देवाने सेवेला बोलावलं, असं वाटलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मलावीत, ब्लांटायरजवळच्या एका मिशन दवाखान्यात तीन वर्षांसाठी गेलो. मंडळीने निरोपाची उपासना ठेवली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तिकिटासाठी वर्गणी काढली. बाजारात अंडी विकणाऱ्या आमच्या एका आजींनी पाचशेची नोट हातात कोंबली आणि म्हणाल्या, रोज रात्री तुझं नाव घेईन.

नाताळनंतर कॉलऱ्याचा जोर वाढला. माझी ड्यूटी तंबूत. एका रात्री सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. कोणाला लावायची आणि कोणाला नुसतं तोंडाने पाजत राहायचं, हे मला ठरवावं लागलं. मार्चमध्ये चक्रीवादळ आलं. दवाखान्याचे कपडे धुणाऱ्या एक बाई होत्या, मला तिथली चिचेवा भाषा बोलायला त्यांनीच शिकवलं. त्यांचं घर डोंगराच्या उतारावर. त्या रात्री त्या आणि त्यांची दोन मुलं चिखलाखाली गेली. मी पक्क्या इमारतीत होतो. नंतर मला दोनदा मलेरिया झाला. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी वॉर्डातल्या प्रार्थनेला मला पुढे उभं केलं आणि तोंडातून शब्दच फुटेना. मीच म्हणालो, मला घरी पाठवा. नोव्हेंबरमध्ये परत आलो.

आता वर्धापनदिनाच्या उपासनेत मी साक्ष द्यावी असं पाळकसाहेब म्हणतात. देवाने वादळातून कसं वाचवलं तेवढं सांग, बाकीचं नको, लहानांचा विश्वास डळमळेल. ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. देवाने मला वाचवलं म्हटलं, तर त्या बाईंना का नाही? तीन महिने मी प्रार्थना केलेली नाही. रात्री झोप नाही, लागली तर भयानक स्वप्नं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास आला की उलटी येते. आजी दिसू नयेत म्हणून रेल्वे लायनीकडच्या बोळातून जातो. भाऊ म्हणतो, झालं गेलं विसर, दुबईला नोकरी बघ. मावशी, पाचारण खरं होतं की माझा भ्रम? मी अजून विश्वासणारा आहे का?»

बाळ, सलाम.

तू जे विचारलं नाहीस त्यापासून सुरुवात करते. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला आधी तेच दिसतं. तुला झोप नाही, स्वप्नं पडतात, वासाने उलटी येते. तू स्वतः वॉर्डातला ब्रदर आहेस. असा पेशंट समोर बसला असता तर त्याला तू आधी विश्वासाबद्दल विचारलं असतंस का?

पत्राच्या कापलेल्या भागात तू आठवड्यातून एकदा घ्यायच्या मलेरियाच्या गोळीचा उल्लेख केला आहेस. तिचं नाव शोधून काढ. ती मेफ्लोक्विन असेल, तर झोप उडणं, भेसूर स्वप्नं, उगाचच धास्ती, उदासी हे सगळं त्या गोळीनेही होतं आणि काही जणांत ती बंद केल्यावरही महिनोन्‌महिने रेंगाळतं. गोळीमुळेच झालं असं मी म्हणत नाही. तू जे पाहिलंस तेवढ्यानेही माणसाची झोप उडते. पण डॉक्टरांना हे माहीत असायला हवं. दुसरं, सरोवरात पोहायला उतरला होतास का? मलावी सरोवराच्या पाण्यात बिल्हार्झिया, म्हणजे एका जंताचा आजार, असतो. आपल्याकडे हा आजार जवळपास नाही, त्यामुळे आपले डॉक्टर आपणहून तो शोधणार नाहीत. तूच सांगायचं आणि रक्त-लघवी तपासून घ्यायची. आणि यापुढे वर्षभर कधीही ताप आला तर केसपेपर करतानाच सांगायचं की मी मलावीहून आलोय. तिकडचा फाल्सिपेरम मलेरिया हा अंगावर काढायचा ताप नाही, हे तुला मी सांगायला नको.

झोपेसाठी आणि त्या वासासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. मिरजेत चांगले डॉक्टर आहेत. कोणी ओळखीचं भेटेल म्हणून लाज वाटत असेल तर आधी १४४१६ वर फोन लाव. टेली मानस म्हणून सरकारची ही फुकट सेवा आहे, मराठीतही बोलतात. आणि कुठल्याही रात्री जगणं नको असं मनात आलं, तर सकाळची वाट न बघता तिथे फोन करायचा आणि भावाला उठवायचं. आपल्या मंडळीत अजून काही लोकांना वाटतं की विश्वासणाऱ्याने मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं. हाड मोडलं की हेच लोक मिशन दवाखान्यात रांग लावतात.

एलीया संदेष्ट्याचं आठव. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आलेला माणूस, आणि रानात रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवतो. एलीया खातो, झोपतो. देवदूत परत येतो, परत खायला देतो. पुढे चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर देव विचारतो, तू इथे काय करतोस. मी नर्सिंगच्या मुलींना शिकवताना हा अध्याय नेहमी वाचायचे. आधी भाकर, आधी झोप. तू अजून झुडपाखालीच आहेस आणि तुला साक्ष द्यायला उभं करताहेत.

आता माझं सांगते. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

१९८१ मध्ये मी झांबियातल्या एका मिशन दवाखान्यात गेले, दोन वर्षांसाठी. दुसऱ्या वर्षी माझे वडील गेले. घर तासगाव तालुक्यात, तिथून तार निघाली ती माझ्या हातात अकराव्या दिवशी पडली. तार घेऊन आलेला माणूस सायकलवरून उतरला तेव्हा मी प्रसूतीच्या टेबलाशी होते. पाकीट एप्रनच्या खिशात टाकलं, बाळ काढलं, नाळ बांधली, आणि मग वाचलं. त्या दिवशी मी राउंड पूर्ण केला. दुसऱ्या दिवशीही केला. सगळे म्हणाले, काय विश्वास आहे सिस्टरचा. मलाही ते खरं वाटलं.

परत आल्यावर आमच्या मंडळीत साक्ष ठेवली. मी सुती पांढरी साडी नेसले होते. छान बोलले मी. म्हणाले, प्रभूने मला इतकं सामर्थ्य दिलं की वडिलांच्या जाण्याचं दुःख मला जाणवूसुद्धा दिलं नाही. लोकांनी आमेन म्हटलं. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने पदर तोंडावर घेतला. मला वाटलं, अभिमानाने रडते आहे. घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता, माझ्याकडे न बघता ती एवढंच म्हणाली, "तुला काहीच वाटलं नाही गं?"

बाळ, ते वाक्य खोटं होतं. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले होते. देवावर इतकी चिडले होते की दोन महिने पवित्र शास्त्र उघडलं नव्हतं. पण साक्षीत असं सांगायचं नसतं, असं मला वाटलं होतं. देवाचं नाव मोठं व्हावं म्हणून मी बोलले आणि माझ्या आईला, जी एकटीने नवऱ्याला माती देऊन आली होती, वाटलं की आपल्या पोरीला बापाचं दुःखच झालं नाही. पुढे कित्येक वर्षं मी तिला खरं सांगायचा प्रयत्न केला, पण भर मंडळीत बोललेलं घरात पुसून निघत नाही.

म्हणून पाळकसाहेबांनी सांगितलेलं वाक्य तू म्हणू नकोस. त्यांना मी दोष देत नाही. लोकांचा विश्वास सांभाळणं हे त्यांचं काम आहे आणि तुझ्यावर त्यांचं प्रेमही असेल. पण "देवाने मला वाचवलं" हे वाक्य तुझ्या घशात अडकतं, कारण त्या बाई आणि त्यांची दोन लेकरं तुझ्या डोळ्यांपुढे उभी आहेत. विश्वास मेलेल्या माणसाला या वाक्याची अडचण होत नाही, तो ते बोलून मोकळा होतो. देव चांगला आहे हे तू अजून इतकं धरून बसला आहेस की त्याच्या नावावर असला हिशोब लिहायला तू तयार नाहीस. मी अजून विश्वासणारा आहे का, असं विचारलंस. माझ्या नजरेला तरी तो इथे दिसतो.

तू कृष्णेचा पूर पाहिला आहेस. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी ५७ फुटांवर गेली, माणसं गेली, ब्रह्मनाळला बोट उलटली ते आपण कोणी विसरणार नाही. तरी आपल्या नदीचं पाणी बहुतेक वेळा फुटाफुटाने चढतं. कोयनेतून किती सोडलं, पुलाला किती लागलं, हे माणूस विचारत राहतो आणि सामान वर चढवतो. तुझ्याकडे मार्चमध्ये आलेलं ते फ्रेडी वादळ पाच आठवड्यांहून जास्त समुद्रावर आणि किनाऱ्यांवर फिरत होतं. ब्लांटायरच्या उतारांवर चिखल आणि दगड उतरले ते मात्र रात्रीत, माणसं झोपेत असताना. त्या वादळाने मलावीत हजाराहून जास्त माणसं नेली. त्याआधीपासूनच्या कॉलऱ्याने सतराशेहून जास्त. त्या देशाने एवढी मोठी कॉलऱ्याची साथ पूर्वी पाहिली नव्हती. छावणीत खिचडी वाढताना झालेल्या पाचारणाने तुला याची कल्पना द्यायला हवी होती, असं तुला आत कुठेतरी वाटतं का? पाचारणात पुढचं काही दिसत नसतं. अब्राहामालाही कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं.

आणि तीन वर्षांचं म्हणशील तर तो आकडा देवाने सांगितला नव्हता. तो करारपत्रात होता.

परत आलेल्यांबद्दल बोलू. आपल्या मंडळ्यांत जाणाऱ्याला हार घालतात. मुदतीआधी परत येणाऱ्याला कसं भेटायचं ते कोणालाच येत नाही, म्हणून लोक एकतर विचारत नाहीत किंवा नको ते विचारतात. पण शास्त्रात असा एक जण आहे. योहान मार्क. पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर मोठ्या उमेदीने निघाला आणि पंफुल्यातल्या पिर्गा गावाहून यरुशलेमेला परत गेला. का गेला? प्रेषितांच्या कृत्यांत एक अक्षर नाही. आजारी पडला असेल, घाबरला असेल, आईची आठवण आली असेल. ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकने कारण लिहिलं नाही आणि मला ते फार बरं वाटतं. पुढच्या फेरीला त्याला बरोबर घ्यायचं का यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतकं वाजलं की दोघे वेगळे झाले. बर्णबा त्याचा भाऊबंद, तो मार्काला घेऊन कुप्र बेटाकडे गेला. पौलाने त्या दिवशी त्याला पळपुटाच ठरवला. आणि आयुष्याच्या शेवटी, तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना तोच पौल म्हणतो, मार्काला बरोबर घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय झालं तेही लिहिलेलं नाही. कोणीतरी त्याला आपल्याबरोबर कुप्राला नेलं होतं, एवढं मात्र आहे. तुझ्या मंडळीत बर्णबा कोण आहे, ते शोध. मंडळीचा पंच असेल, एखादी बाई असेल, तुझ्या तरुण संघातलं कोणी असेल. सगळ्यांना नाही, त्या एकाला सगळं सांग. सलाईनच्या बाटल्यांचंही.

तुझ्याच मलावीतली गोष्ट, तिथे असताना कानावर आली होती की नाही ठाऊक नाही. मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टन यांच्या हाकेवरून इंग्लंडहून एक मिशन १८६१ मध्ये शिरे नदीच्या खोऱ्यात आलं. बिशप मॅकेन्झी त्यांचे पुढारी. पुढच्याच जानेवारीत त्यांची होडी उलटली, औषधं नदीत गेली आणि महिना संपायच्या आत ते तापाने गेले. आणखी माणसं दगावली. त्यांच्या जागी आलेल्या बिशप टोझरनी १८६४ मध्ये उरलेल्यांना घेऊन मुक्काम हलवला, थेट झांझिबारला. लिव्हिंग्स्टन फार नाराज झाले.  पुढे वीसेक वर्षांनी त्याच मिशनची माणसं मलावी सरोवरातल्या लिकोमा बेटावर आली आणि त्यांनी बांधलेलं दगडी कॅथेड्रल आजही तिथे उभं आहे. टोझरना १८६४ मध्ये यातलं काही दिसत नव्हतं. त्यांच्यापुढे तापाने पिवळी पडलेली माणसं होती आणि ती जगवायची होती.

आपल्या रमाबाईही घे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहान मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. बरोबर आनंदीबाई भगत होत्या, त्यांनी तिथे वाँटेज गावी स्वतःचा जीव दिला. रमाबाईंना ऐकू येईनासं झालं आणि डॉक्टरकीचा रस्ता बंद झाला. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला ते काम झालंच नाही. त्याच वाँटेजमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ज्यांनी त्यांना जवळ केलं त्यांच्याशीच पुढे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. पटत नव्हतं ते पटलं असं रमाबाईंनी लिहून दिलं नाही. उपकाराखाली होत्या, परदेशात होत्या, पदरात लहान मूल होतं, तरी दिलं नाही.

हे वाचून तू म्हणशील, म्हणजे शेवटी सगळं चांगलंच होतं तर. तसं मी म्हणत नाही. मॅकेन्झी परतले नाहीत. आनंदीबाई परतल्या नाहीत. तुझ्या धुणं धुणाऱ्या बाई परतणार नाहीत. रमाबाईंचं शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं म्हणून आनंदीबाईंचं मरण सोपं होत नाही, आणि तू उद्या मोठं काम केलंस तरी ती मार्चची रात्र तशीच राहील. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे ते तयार असतं त्यांच्यापासून थोडे दिवस लांब राहा.

प्रार्थना येत नाही, तर ती सध्या करू नकोस. जबरदस्तीने पुटपुटू नकोस. पक्षघाती माणसाला चौघांनी बाजेवर घालून छपरातून खाली सोडलं, तेव्हा येशूने त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला असं मार्ककृत शुभवर्तमानात आहे. बाजेवरच्याने तोंड उघडल्याचंही लिहिलेलं नाही. रविवारी उपासनेला जा, मागच्या बाकावर बस, बाकीच्यांना म्हणू दे. अगदीच काही वाचावंसं वाटलं तर ८८ वं स्तोत्र काढ. बाकीच्या बहुतेक विलापांच्या शेवटी देवाची स्तुती येते, या स्तोत्राचा शेवट अंधारात होतो. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं आणि अडीच हजार वर्षं कोणी काढून टाकलं नाही.

एक गोष्ट मात्र जरा कडक सांगते. पत्राच्या कापलेल्या भागात तू लिहिलं आहेस की तिथल्या लोकांना मी वाऱ्यावर सोडून आलो. बाळ, तो वॉर्ड तू जायच्या आधी मलावीच्या सिस्टर आणि ब्रदरच चालवत होते आणि आजही तेच चालवताहेत. त्यांचीही घरं गेली, त्यांचीही माणसं गेली, त्यांना परतीचं विमान नव्हतं. आपण गेलो म्हणून तिथे उजेड पडला असं मिशनवाल्यांना फार लवकर वाटायला लागतं. मलाही वाटत होतं. तुझ्या जाण्याने जे दोन हात वाढले त्याची किंमत आहे, तेवढीच धर. आणि त्यांना फोन कर. माफी मागायला नको. कोण कसं आहे, पाऊस कसा आहे, कोणाचं लग्न ठरलं, विचार. चिचेवात विचार, बाईंनी शिकवलेल्या.

दुबईचं आत्ता ठरवू नकोस. झोप लागायला लागली, जेवण जायला लागलं की मग ठरव. नर्सिंगची नोकरी करणं हे काही विश्वासातून उतरणं नाही, पण पळायला म्हणून गेलास तर क्लोरीनचा वास तिथल्या वॉर्डातही येणार.

वर्गणीचा हिशोब एका कागदावर लिहून पंचांकडे दे. तिकीट, व्हिसा, राहिलेलं काय ते. कोणी मागण्याआधी दिलेला हिशोब माणसाची मान सरळ ठेवतो. मुदतीचे किती महिने राहिले तेही त्यात स्वच्छ लिही.

साक्षीबद्दल. पहिलं म्हणजे "आत्ता नाही" म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. पाळकसाहेबांना घरी जाऊन भेट, उपासना सुटल्यावर दारात उभ्या उभ्या नको. त्यांना सांग की मला वर्षभर द्या. त्यांनी फारच धरलं, किंवा तुलाच आतून वाटलं की लोकांनी पैसे दिले, प्रार्थना केल्या, आपण काहीतरी सांगायला हवं, तर तीन मिनिटांचं बोल. मी असं बोलले असते:

"तुम्ही मला पाठवलंत, त्याबद्दल आभार. मी तीन वर्षांसाठी गेलो होतो, पंधरा महिन्यांनी परत आलो. तिथे कॉलऱ्याची साथ होती, मग चक्रीवादळ आलं. पुष्कळ लोक गेले. मला भाषा शिकवणाऱ्या बाई आणि त्यांची मुलं गेली. मी वाचलो. का वाचलो ते मला माहीत नाही. मी आजारी पडलो आणि परत आलो. सध्या मला प्रार्थना करता येत नाही, म्हणून तुम्ही माझ्यासाठी आणि त्या गावासाठी करा."

एवढं बोलून खाली बसायचं. शेवटी "पण" लावून काही गोड जोडायचं नाही. लहानांचा विश्वास याने डळमळणार नाही. त्या मुलांपैकी कोणाचा बाप दारू पितो, कोणाची आई गेल्या वर्षी गेली आहे. आपल्यासारखं कोणीतरी पुढे उभं राहून बोलतंय, हे ती पहिल्यांदा ऐकतील.

पण त्या रविवारच्या आधी एक काम आहे आणि माझ्या मते ते साक्षीहून मोठं आहे. अंडीवाल्या आजी. तू त्यांना पाचशे रुपये देणं लागतोस म्हणून बोळातून जातोस, असं तुला वाटतं. त्या तुझी वाट बघत असतील. तुझ्या आईने त्यांना सांगितलं असणारच की पोरगा आलाय. नोव्हेंबरपासून त्या टोपल्यामागे बसून रस्त्याकडे बघत असतील आणि तू बोळात.

शनिवारी सकाळी लवकर जा, गिऱ्हाईक वाढायच्या आधी. पैसे परत करायला जाऊ नकोस, त्यांचा अपमान होईल. पिशवी घेऊन जा, डझनभर अंडी घे, त्यांच्या शेजारी खाली बस. त्यांनी विचारलं, कसा आहेस, तर बरा आहे म्हणू नकोस. मोठं काही सांगायची गरज नाही. त्या बाईंचं नाव सांग आणि दोन्ही मुलांची नावं सांग. पत्रात तू ती लिहिली आहेस, मी इथे छापली नाहीत. परक्या भाषेतली आहेत, आजींना पहिल्यांदा म्हणता येणार नाहीत. दोन-तीनदा म्हणवून घे. रात्री नाव घ्यायला त्यांना ती पाठ असायला हवीत.